तुमच्या घरच्या त्या संध्याकाळींसाठी

आदरणीय पाळकीणबाई,

प्रभूच्या नावात सलाम.

पाळकसाहेबांच्या स्मरण उपासनेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. कागद हातात होता, पण दुसऱ्या ओळीच्या पुढे आवाजच फुटेना. आभार तर तुमचे मानायचे होते आणि नेमके तेच राहून गेले. मंडळीसमोर राहिलेलं मंडळीसमोरच पुरं व्हावं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

माझी पत्नी १९ दिवस दवाखान्यात होती. त्यातल्या १७ संध्याकाळी पाळकसाहेब आले. जे दोन दिवस आले नाहीत, ते दोन्ही सोमवार होते. तेव्हा मी ते मनात धरलं होतं, हे आज कबूल करतो.

ते यायचे आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसायचे. बहुतेक वेळा गप्पच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी चिडलो. म्हणालो, ‘तुम्ही पाळक आहात, काहीतरी बोला.’ ते म्हणाले, ‘शास्त्रातल्या त्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून होते. कोणी अवाक्षर काढलं नाही. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडलं, त्याला दोष द्यायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव रागावला तो त्या मित्रांवर.’ एवढं बोलून ते पुन्हा गप्प झाले. त्यानंतर त्यांची शांतता मला कधी टोचली नाही.

एकदाच त्यांनी आपणहून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. २३वं स्तोत्र. लहानपणापासून पाठ असलेलं, इतकं पाठ की त्याचा अर्थ कानावरून निघून जायचा. त्यांनी बोटाने दाखवलं : ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इथून सुरुवात होते, आणि पहिल्या तीन ओव्यांत दावीद देवाबद्दल बोलतो. तो मला कुरणात बसवतो, तो मला पाण्यावर नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत मृत्यूच्छायेची दरी येते आणि बोलण्याचा रोखच फिरतो. ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ दरीत शिरल्यावर ‘तो’चा ‘तू’ होतो. ‘कुरणात असताना माणूस देवाविषयी बोलतो,’ पाळकसाहेब म्हणाले, ‘दरीत देवाशी बोलतो. तुम्ही रात्री भांडता ना त्याच्याशी? भांडा. तेही त्याच्याशीच बोलणं आहे.’ मी रात्री भांडतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आणि बाई, तो डबा. रोज त्यांच्या पिशवीत असायचा, आणि मी जेवेपर्यंत ते उठायचे नाहीत. मी एकदा नको म्हटलं, तेव्हा त्यांनी शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्याची आठवण दिली. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणाला. भाकर होती, पाणी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला, तेही देवदूताने चालू दिलं, आणि मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं. मी तेव्हा डबा त्यांचा म्हणून खाल्ला. तो कोणाच्या हातचा होता, कोणी पहाटे उठून तो भरला, याचा विचार मला कितीतरी उशिरा सुचला. त्या १७ डब्यांचे आभार आज पहिल्यांदा मानतो आहे.

पत्नी गेली त्यानंतरचे महिने मी थोडक्यातच सांगतो. मी उपासनेला येणं बंद केलं. पाळकसाहेबांनी कारण विचारलं नाही, निरोप धाडले नाहीत. एक दिवस दारात आले, स्वतःची पवित्र शास्त्राची प्रत माझ्या हातात दिली आणि ८८व्या स्तोत्राशी खूण ठेवली आहे एवढं सांगून गेले. ते स्तोत्र आक्रोशाने सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. असंही स्तोत्र प्रार्थनेत बसतं, हे कळल्यावर मी परत आलो, मागच्या बाकावर का होईना.

सोमवारचं गूढही तेव्हाच उलगडलं. मंडळीच्या एका बैठकीत कोणीतरी तक्रार केली की पाळकसाहेब सोमवारी कोणाला भेटत नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही. पवित्र शास्त्रातलं, पौलाने तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र काढलं, तिसरा अध्याय, आणि वाचलं : ज्याला आपल्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही, तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील? मग म्हणाले, ‘रविवार तुमचा आहे, बाकीचे दिवसही तुमचेच आहेत. सोमवार माझ्या बायकोमुलांचा.’ ते ऐकताना मला माझा जुना राग आठवला आणि लाज वाटली.

स्मरण उपासनेत तुमची धाकटी बोलली. ती म्हणाली, बाबांनी आम्हाला घरात उपदेश केलेला आठवत नाही, माफी मागितलेली मात्र पुष्कळदा आठवते. आणि तिने शाळेतल्या नाटकाची गोष्ट सांगितली. बाबा येणार म्हणून कबूल करून गेले होते. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. ते घरी आले तेव्हा ती झोपली होती. सकाळी, उपासनेला निघायच्या आधी, ते तिच्यासमोर जमिनीवर बसले, माफी मागितली आणि म्हणाले, आता मला सगळं नाटक करून दाखव. तिने सगळ्यांची कामं एकटीने केली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. उपासनेला उशीर होत होता, पण तुम्ही घाई केली नाहीत, असंही ती म्हणाली.

तिने तारीख सांगितली नाही. मला सांगायची गरजही नव्हती. त्या शनिवारी पाळकसाहेब नेहमीपेक्षा लवकर आले होते, धुतलेला, इस्त्रीचा सदरा घालून. दोनदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आहे. मग डॉक्टर बाहेर आले आणि मला आत बोलावलं. त्यानंतर रात्रभर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. माझ्या पत्नीचा हात माझ्या हातात होता आणि माझ्या खांद्यावर त्यांचा. मला वाटत होतं, हे त्यांचं कामच आहे. ती रिकामी खुर्ची मला दिसलीच नाही.

ती संध्याकाळ तुमच्या लेकीची होती. ती तुम्ही मला दिलीत आणि इतकी वर्षं त्याचा उच्चारही केला नाहीत. कधी समोर आलात तर जेवलास का, एवढंच विचारलंत. बाई, मी तुमचा आणि तुमच्या लेकरांचा मनापासून आभारी आहे.

त्यांची शास्त्राची प्रत अजून माझ्याकडेच आहे. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात खूप काही लिहिलेलं आहे, पुष्कळ ठिकाणी मुलांची नावं आणि पुढे तारीख. ती तुमच्या घरात असायला हवी. धाकटी घरी असेल तेव्हा घेऊन येतो. त्या नाटकात तिचं काम कोणतं होतं, तेही मला तिच्याकडून ऐकायचं आहे.

सोमवारी येणार नाही. मंगळवारी येतो.

तुमच्या मंडळीतला,
मागच्या बाकावरचा एक भाऊ