रविवारच्या पानावर वाचकालाही बोलू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतले पुस्तकांचे पान मी नेमाने वाचते. वाचून झाले की कात्रण काढून आमच्या वाचनालयाच्या फलकावर लावते. त्या पानाबद्दल एक मागणी आहे, ती जरा सविस्तर मांडते.

या पानावर येणारे पुस्तक बहुतेक वेळा नुकतेच प्रकाशित झालेले असते. परीक्षण लिहिणारे प्राध्यापक किंवा स्वतः लेखक असतात. कथानक थोडक्यात सांगितले जाते, लेखकाच्या आधीच्या पुस्तकांचा उल्लेख होतो आणि शेवटी पुस्तक ‘वाचनीय व संग्राह्य’ ठरते. या मंडळींच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे, त्यांच्याकडून मी शिकले आहे. पण फलकासमोर उभे राहून ते कात्रण वाचणारा सभासद तिथून थेट माझ्या टेबलापाशी येतो आणि विचारतो, “मॅडम, हे चांगलंय का? कुणी नेलं होतं का?” एवढे परीक्षण वाचूनही त्याचा मुख्य प्रश्न तसाच राहिलेला असतो. आपल्यासारख्या माणसाने हे वाचले का आणि त्याला काय वाटले, एवढेच त्याला हवे असते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका लहान सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. आजूबाजूला यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने, घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. आमच्या सभासदांपैकी कितीतरी जणांच्या घरात तेलुगू बोलतात, काहींच्या घरात कन्नड, काहींच्या दख्खनी. वाचतात मात्र मराठी. पुस्तक परत करताना ही माणसे जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते, आणि ते कुठेही छापले जात नाही. माझी तळमळ त्यासाठी आहे.

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० ची. नव्या पिढीतल्या फार थोड्यांनी तिचे नाव ऐकलेले असते. आमच्याकडची प्रत बरेच दिवस कपाटात पडून होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या एका सभासद बाईंनी ती नेली आणि परत करताना म्हणाल्या, “शिंप्याच्या बायकोची गोष्ट आहे. नवऱ्याचं काही धड नाही, त्यात त्याला महारोग होतो, आणि ही कौतिक काय थांबत नाही बघा. भाषा वऱ्हाडी आहे, सुरुवातीची पानं जड जातात, मग ती कानात बसते. पण रात्री वाचू नका, झोप लागत नाही.” मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी तिथल्या तिथे ती प्रत मागून घेतली. त्यांच्याकडून ती त्यांच्या जावेकडे गेली. पुढे ती प्रत बाइंडिंगला पाठवावी लागली.

त्या बाईंच्या बोलण्यात काय काय आले ते पाहा. विषय आला, मुख्य पात्र आले, भाषेची अडचण आली आणि ती कशी ओलांडायची तेही आले. पुस्तक कोणत्या वेळी हातात घ्यावे इथपर्यंत सल्ला आला. शंभर शब्दसुद्धा लागले नाहीत. हेच त्यांनी लिहून दिले असते आणि आपण छापले असते, तर ते सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी वाचनालयांत वाचले गेले असते.

याच बाई लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचत असताना घरी वेगळेच घडले. त्यांच्या आईला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. आई विड्या वळायला बसली की लेक मराठीत वाचायची आणि अवघड जागा तेलुगूत सांगायची. लक्ष्मीबाईंचे पती टिळक न सांगता घरातून निघून जातात ती पाने आली तेव्हा आईचे हात थांबले, आणि ‘पुढं काय झालं ते आत्ताच सांग’ म्हणून ती हटून बसली. बाईंचे स्वतःचे मत असे होते : “ही बाई रागावते, पण कडू होत नाही. समोर बसून बोलल्यासारखी लिहिते, म्हणून मला वाचता आली.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पुढं पुढं माणसांची नावं फार येतात, कोण कुणाचं ते लक्षात राहत नाही.” १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रावर विद्वानांनी भरपूर लिहिले आहे, आणि ते लिहायलाच हवे होते. पण विडीच्या सुपासमोर बसून ते तेलुगूत ऐकले जाते ही गोष्टही मराठी साहित्याच्या इतिहासातलीच आहे, असे मी मानते.

बंद पडलेल्या गिरणीतले एक जुने कामगार आमचे सभासद आहेत. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ त्यांनी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नेली. १४ जानेवारीची लढाई त्याच दिवसांत वाचायची, असे त्यांनी ठरवले होते. परत देताना लढाईबद्दल ते फारसे बोललेच नाहीत. म्हणाले, “लढाई भराभर वाचली. मला पटली ती त्याच्या आधीची पानं. रसद तुटल्यावर माणसं कशी होत जातात, ते बरोबर लिवलंय. गिरणी बंद झाली तवा आमच्या चाळीत असंच होतं. दुकानदारानं उधारी बंद केली की शेजारी शेजाऱ्याच्या चुलीकडं बघतो.” भाऊसाहेबांची बाजू लेखकाने जरा जास्तच उचलून धरली आहे, असेही त्यांचे म्हणणे. १९८८ पासून या कादंबरीवर मी पुष्कळ वाचले आहे. उपासमारीच्या पानांवर बोट ठेवून असे बोललेले माझ्या वाचनात आलेले नाही. तसे बोलायला तसे दिवस काढलेला वाचक लागतो.

मतभेद तर रोजचेच. ‘मृत्युंजय’ची मागणी आमच्याकडे कधी थांबतच नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा ती परत करताना कर्णाबद्दल इतका भरभरून बोलत होता की मागच्या शिक्षिका बाईंना राहवले नाही. “सभेत द्रौपदीला कर्ण काय बोलला ते मी विसरू शकत नाही,” त्या म्हणाल्या, “कादंबरीनं त्याची बाजू कितीही समजावून सांगितली तरी.” या बाई मूळच्या कन्नड. भैरप्पांची महाभारतावरचीच ‘पर्व’ त्यांनी आधी कन्नडमध्ये वाचलेली होती. उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद त्यांनी त्या मुलाच्या हातात ठेवला. मुलगा तो घेऊन आला तेव्हा नाराज होता. “यात देव नाहीत, चमत्कार नाहीत, नुसता घाम आणि दुर्गंधी आहे. पण युद्ध असंच असणार.” कर्ण त्याला अजूनही आवडतो, हेही त्याने बजावून सांगितले. बाईंचेही मत बदललेले नाही. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत, आणि दोघांची मते एकाखाली एक छापली तर वाचणाऱ्याला दोन्ही पुस्तके वाचावीशी वाटतील.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चेही तसेच. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ती अर्ध्यावरून परत केली : “पांडुरंग सांगवीकर काहीच करत नाही हो, त्याचा वैताग मी का वाचू?” करमाळ्याकडून इथे शिकायला आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने तीच प्रत मुदत वाढवून घेतली. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पाने त्याने वहीत उतरवून काढली होती. कारण मी विचारले नाही. कादंबरी १९६३ ची, आणि तिच्यावर भांडण अजून चालू आहे. माझ्या मते ते गृहस्थही चुकले नाहीत. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचा हक्क वाचकाला असतो. त्याने का सोडले, तेही छापून यायला हवे.

शरणकुमार लिंबाळे आमच्याच जिल्ह्यातल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन वाचून एसटीने रोज सोलापुरात ये-जा करणाऱ्या एका परिचारिकेने मला जो प्रश्न विचारला तो माझ्या मनातून जात नाही. “मुलानं लिहिलं ते फार खरं लिहिलंय. पण मसामाईनं स्वतः लिहिलं असतं तर?” आईचे दुःख त्या पुस्तकात आहेच, हे तिला मान्य होते. तिला मसामाईचा आवाज हवा होता. एका वाक्यात तिने पुस्तकाचे मोठेपण मानले आणि त्यापलीकडचे काही मागितले. याहून चांगले परीक्षण काय असते?

रानावनावर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्म सोलापूरचा, १९३२ सालचा. २००६ मध्ये इथे झालेल्या ७९ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. परगावच्या वास्तव्यानंतर ते परत इथेच आले आणि जून २०२५ मध्ये इथेच गेले. तेव्हा वृत्तपत्रांत लेख आले ते बहुतेक नामवंतांचे. आमच्याकडे एक रिक्षाचालक त्यांची पुस्तके वर्षानुवर्षे नेतात. पुस्तकातले पक्ष्याचे नाव आणि माळावर दिसलेला पक्षी यांची गाठ घालायला ते सुटीच्या दिवशी नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जातात. त्यांचे म्हणणे, “हा माणूस रानात जाऊन बढाया मारत नाही. गप्प बसून बघतो. मला रिक्षात बसून तेच करायला आवडतं.” हे त्या आठवड्यात आपल्या पानावर असते तर?

सगळीच मते इतकी भरीव नसतात, हे मला माहीत आहे. “छान आहे”, “टाइमपास”, “रडायला आलं” एवढेच सांगणारेही पुष्कळ. यशाची गुरुकिल्ली देणारी अनुवादित पुस्तके लोक हौसेने नेतात आणि परत देताना त्यांच्याबद्दल बोलायला काही नसते. ‘एक होता कार्व्हर’ हे कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र मुलांच्या बक्षिसासाठी नेले जाते आणि घरातला शेतकरी ते वाचून काढतो, भुईमुगाबद्दल त्याला शंका असतात. संपादकांना निवड करावीच लागेल. बातम्यांतही ती करावी लागतेच.

‘सामान्य वाचकाचे मत उथळ असते’ असा आक्षेप मी एका कार्यक्रमात ऐकला आहे. वर दिलेल्या मतांपैकी कोणते उथळ आहे, ते कुणीतरी मला सांगावे.

या मागणीला आणखी एक कारण आहे. आमच्यासारख्या लहान वाचनालयांत पुस्तकखरेदी अनेकदा वर्षअखेरीला घाईने होते. विक्रेत्याची यादी समोर येते, सवलत पाहिली जाते आणि गठ्ठे येतात. त्यातल्या काही पुस्तकांच्या तारखेच्या चिठ्ठीवर पुढे एकही शिक्का पडत नाही. वाचकांनी कशाबद्दल काय म्हटले हे छापील स्वरूपात हाताशी असले, तर खरेदीच्या बैठकीत मला ते कात्रण टेबलावर ठेवता येईल. आज माझ्याकडे ठेवायला फक्त माझी आठवण आहे, आणि तिला बैठकीत वजन नसते.

तेव्हा मागणी अशी. रविवारच्या पानावर पाव पान वाचकांसाठी राखून ठेवावे. पुस्तक नवे असण्याची अट नको. साठ वर्षांपूर्वीचे असले तरी चालेल, अनुवाद चालेल, बालवाङ्‌मय चालेल. मत शंभर शब्दांच्या आत असावे. वाचकाच्या नावासोबत त्याचे गाव आणि तो काय काम करतो ते छापावे, कारण गिरणी कामगाराने ‘पानिपत’बद्दल काय म्हटले हे गिरणी कामगार म्हणूनच वाचले जायला हवे. नापसंतीची मतेही घ्यावीत, शिवीगाळ मात्र नको. लेखक, प्रकाशक आणि त्यांच्या घरच्यांनी आपल्याच पुस्तकांवर पाठवलेली मते बाजूला ठेवावीत. टपालाने आलेली, हाताने लिहिलेली पत्रेही स्वीकारावीत, कारण आमच्या कित्येक सभासदांना मोबाइलवर मराठी टंकलिखित करणे जड जाते. शहरातल्या आणि तालुक्यांतल्या वाचनालयांना आपण कळवलेत, तर मते गोळा करून पाठवायला ती तयार होतील. आमच्याकडून मी शब्द देते.

‘धग’वरचे मत त्या बाईंनी माझ्या विनंतीवरून कागदावर उतरवून दिले आहे. ते या पत्रासोबत जोडले आहे. ऱ्हस्व-दीर्घ आपण सुधारावेत. वाक्ये मात्र त्यांची तशीच राहू द्यावीत, आणि नाव छापायचे असल्यास आधी माझ्यामार्फत त्यांना विचारावे.

आपली,
देवघेव विभागातील एक ग्रंथालय सेविका,
पूर्व भाग, सोलापूर