चर्चमध्ये नेमकं काय चालतं? विचारा की आम्हाला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की सगळ्याच पेपरात चर्चच्या रोषणाईचा फोटो येतो, चांदणी, केक, सांताक्लॉज, आणि २६ तारखेला विषय संपतो. फोटो छान असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती लोक बाकीचे सगळे रविवार आत बसून काय करतो हे अगदी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांनाही माहीत नसतं, विचारायचं असतं पण लोक संकोचतात, आणि मग ऐकीव गोष्टींवरच भागवतात. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मला गेल्या काही वर्षांत विचारलेले प्रश्न सांगते : तुमच्यात तीन देव असतात ना? चर्चमध्ये दारू देतात म्हणे, खरं का? तुम्ही घरी इंग्लिश बोलता का? प्रश्न विचारणारी सगळी माणसं चांगली आहेत, माझ्या डब्यातलं खाणारी आहेत, म्हणून मला वाटलं एकदा नीट लिहावंच.

आमचं चर्च सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र आली आणि हे चर्च तयार झालं. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट होते, आणखीही होते. काहींच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती मंडळीत घ्यायचा संस्कार, द्यायची पद्धत होती तर काहींचं म्हणणं असं की माणसानं मोठं होऊन स्वतः विचार करून घ्यावा, आणि एवढ्या मोठ्या मुद्द्यावर भांडत न बसता दोन्ही पद्धती चालतील असं ठरलं, हे मला आमच्या चर्चबद्दल सगळ्यात जास्त आवडतं. आमच्या नगरकडची मुळं मात्र अमेरिकन मराठी मिशनची. ते मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोच होते, परत जा असं सांगितलं होतं त्यांना. हे मुद्दाम लिहिते कारण 'इंग्रजांनी बाटवलेले' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. नगरला मिशनचं काम १८३१ ला सुरू झालं आणि इथल्याच मिशनच्या मुलींच्या शाळेत सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंचं काम बघून जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढायची उमेद मिळाली, हा इतिहास तर सगळ्या महाराष्ट्राचा आहे.

आता उपासना. आमच्या गावातलं चर्च म्हणजे दगडी भिंती, वर पत्रे, पुढं लाकडी क्रूस, त्यावर कुणाची मूर्ती नाही. चपला बाहेर काढायच्या. खाली सतरंज्या, एका बाजूला बायका एका बाजूला पुरुष, म्हाताऱ्यांसाठी भिंतीकडेला चार खुर्च्या. शहरातल्या चर्चमध्ये बाक असतात, तिथं चपलांसकट बसतात, पण खेड्यात आमची हीच रीत. नऊला घंटा होते, पेटी आणि तबला लागतो, झांजा असतात, आणि गीत सुरू होतं ते उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं. त्यात परदेशी चालींची भाषांतरित गीतं आहेत तसे अभंग आहेत, पदं आहेत, भजनं आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गीतं आम्हाला तोंडपाठ आहेत. टिळक कोकणातले चित्पावन ब्राह्मण, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणायचे. त्यांच्याही आधी नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करायचे. म्हणजे आमची भक्ती मराठीच आहे, कुणीतरी बाहेरून आणून आमच्या अंगावर चढवलेली नाही.

गीत झालं की पापांगीकार. मोठ्यानं काही सांगायचं नसतं कुणाला, सगळे मान खाली घालून एकत्र एक प्रार्थना म्हणतात आणि मग मिनिटभर शांतता असते, त्या मिनिटात आठवड्यात आपण कुणाशी कसं वागलो ते ज्याचं त्यानं देवापुढं मांडायचं. मग स्तोत्र वाचतात, एक ओळ पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू, एक ओळ मंडळी म्हणजे जमलेले सगळे. तेविसावं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', हे आमच्याकडच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही, कारण दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आमच्या शेतात बसायला येतात, मेंढका रात्रभर जागा असतो, लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन चालतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. त्यानंतर पवित्र शास्त्रातले दोन पाठ, विश्वासांगीकार म्हणजे आम्ही काय मानतो ते उभं राहून एका आवाजात म्हणायचं, मग संदेश म्हणजे पाळकांचं प्रवचन, मग दानाची थैली फिरते (कुणी किती टाकलं ते कुणी बघत नाही, आणि पाहुण्यानं काही टाकलंच पाहिजे असं अजिबात नाही), आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी, पावसासाठी, देशाच्या कारभाऱ्यांसाठी प्रार्थना, शेवटी आशीर्वाद.

तीन देवांचं विचाराल तर देव एकच. तो पिता आहे, तोच येशूच्या रूपानं माणूस होऊन आमच्यात राहिला, आणि तोच पवित्र आत्मा म्हणून आजही आमच्यात काम करतो. हे पूर्ण उलगडून सांगणं मला जमणार नाही, मोठमोठ्या पंडितांनी यावर आयुष्यं घातलीत. पण विश्वासाचा गाभा मला येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत सापडतो. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, आणि शेवटी 'मला चाकर म्हणून तरी ठेवा' असं म्हणायचं मनाशी ठरवून घराकडं निघतो. तो अजून लांबच आहे तोवर बाप त्याला बघतो आणि पळत सुटतो. वयस्कर, जमीनजुमला असलेला, गावात मान असलेला माणूस सगळ्यांदेखत धोतर सावरत पळतोय हे चित्र डोळ्यापुढं आणा. आम्ही मानतो की देव असा आहे, तो येशूत आमच्याकडं पळत आला, आणि क्रुसावर त्यानं त्याची किंमत मोजली.

आता 'दारू' चा प्रश्न, आणि मला खरं तर यासाठीच पत्र लिहायचं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. पुढच्या टेबलावर पांढराशुभ्र कपडा, त्याखाली पावाचं ताट आणि द्राक्षरस. येशूला धरून नेलं त्याच रात्री, त्याआधी शिष्यांबरोबर जेवताना त्यानं भाकर मोडली, प्याला दिला आणि माझ्या आठवणीसाठी हे करा असं सांगितलं, ते आम्ही करतो. आमच्या चर्चमध्ये साधा द्राक्षांचा रस असतो, पाळकीणबाई आणि मंडळीतल्या बायका आदल्या दिवशी काळी द्राक्षं उकळून गाळून करतात, आणि वाट्याला येतो घोटभर. बोटाच्या पेराएवढा पावाचा तुकडा आणि तो घोट.

तेवढ्यासाठी एवढं काय, असं वाटेल. माझी आजी सांगायची ते सांगते. आमच्याकडचे बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले, आमचं घरही त्यातलंच, हे लपवायचं मला काही कारण दिसत नाही. आजीच्या लहानपणी गावच्या विहिरीला हात लावता यायचा नाही, पाणी वरून ओंजळीत. आणि महार-मांगांचं आपसातही पटायचं नाही, एकमेकांच्या घरचं खायचे नाहीत. चर्चमध्ये मात्र एकच प्याला फिरायचा. आजी म्हणायची, पहिल्यांदा तो प्याला माझ्या हातात दिला तेव्हा माझ्याआधी त्याला कुणाचे ओठ लागलेत आणि माझ्यानंतर कुणाचे लागणार हे मी बघत होते, आणि माझ्यानंतरच्या बाईनं प्याला पुसला नाही. एवढंच सांगून ती गप्प व्हायची. आता छोटे छोटे पेले आलेत, स्वच्छतेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, पण आजीचा तो एक प्याला मला प्रत्येक पहिल्या रविवारी आठवतो. मंडळीत जात पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, सोयरीक जुळवताना अजूनही आडून आडून विचारतात आणि मला त्याची लाज वाटते, कारण त्या टेबलापुढं बसून तसं विचारणं म्हणजे जे तोंडात घातलं तेच नाकारणं आहे.

एक मात्र, प्रभुभोजन बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांनाच देतात. पाहुणे आले तर ताट त्यांच्या पुढून जाईल, कृपा करून राग मानू नका. त्यातच 'तिथं गेलं की बाटवतात' याचंही उत्तर आहे. आमच्याकडं कुणी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तरी त्याला आधी शिकवतात, विचार करायला वेळ देतात, घाई करत नाहीत. सतरंजीवर बसून गीत ऐकल्यानं कुणाचा धर्म बदलत नाही.

वसईकडचे कॅथलिक बांधव आणि आम्ही एकच का, असंही विचारतात. येशू एकच, शास्त्र जवळजवळ एकच, पण त्यांच्याकडं मिस्सा म्हणजे त्यांच्या पद्धतीची प्रभुभोजनाची उपासना असते, मरियामातेची आणि संतांची भक्ती असते, फादर लग्न करत नाहीत. आमचे पाळक संसारी असतात, बाईसुद्धा पाळक होऊ शकते. आम्ही मरियेचा मान ठेवतो पण प्रार्थना तिच्याकडं करत नाही. भांडण काही नाही.

सण म्हणाल तर नाताळपेक्षा मोठा आमचा पुनरुत्थानाचा दिवस, ईस्टर. त्याची तारीख दरवर्षी बदलते कारण ती चंद्रावर आहे, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, म्हणजे कधी होळीच्या पौर्णिमेनंतर तर कधी चैत्र पौर्णिमेनंतर. त्याआधीच्या शुक्रवारी, उत्तम शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी १२ ते ३ भर उन्हात आम्ही चर्चमध्ये बसून येशूनं क्रुसावर काढलेले सात उद्गार ऐकतो, बऱ्याच जणांना उपास असतो. आणि रविवारी पहाटे अंधारातच कब्रस्तानात जमतो. आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावलेल्या असतात, आणि उजाडायला लागलं की त्या कबरींमध्ये उभं राहून 'प्रभू उठला आहे' असं गातो. मागच्या वर्षी आई तिथं पुरलेली असताना मी ते पहिल्यांदा गायले. शब्द तेच होते पण यावेळी मी ते आईसाठी म्हणत होते, की ही माती शेवटची नाही, आपली परत भेट आहे. मी काय मानते असं कुणी एका वाक्यात विचारलं तर मी एवढंच सांगेन.

आणि हंगामाचा सण, त्याबद्दल तर कुणी लिहीतच नाही! सुगी झाली की पहिलं पीक चर्चमध्ये आणायचं, ज्वारीची कणसं, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी, कुणी पुरणपोळ्या. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. गेल्या खेपेला एका लिंबाला शंभर रुपये मिळाले, कारण ते एका विधवा बाईनं आणलं होतं आणि तिच्या झाडाला त्या साली तेवढंच लागलं होतं.

या सणाला आमच्या शेजारच्या काकू त्यांच्या सासूबाईंना घेऊन आल्या होत्या. या आजी माळकरी, पंढरीची वारी चुकवत नाहीत. दारातच मला विचारलं, "पोरी, माझी तुळशीची माळ चालंल ना गं तुमच्या देवाला?" मी म्हटलं आजी, या, बसा. त्या माझ्या मामींशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या. टिळकांचा अभंग सुरू झाला तशा पहिल्या कडव्याला नुसत्या बघत होत्या, दुसऱ्याला टाळी धरली, आणि धृपद परत आलं तेव्हा मामींच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायला लागल्या. निघताना म्हणाल्या, चाल तर आमचीच आहे की, शब्द मोठ्या अक्षरात लिहून दे, मला चष्म्यानंही बारीक दिसत नाही. मी दोनशे पानी वहीच्या मधल्या जोडपानावर स्केचपेननं लिहून दिलाय, तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलाय.

आपली नम्र,
नगर जिल्ह्यातली एक शिक्षिका