अक्का, तुमच्या दोनशे पानी वहीबद्दल

सोलापूर

ती. अक्कांना साष्टांग नमस्कार,

तुमची वही मिळाली. आमच्या कादंबरीच्या हस्तलिखिताच्या अकराही प्रकरणांवर तुम्ही शिसपेनने शेरे लिहिलेत, एकही पान कोरं सोडलेलं नाही. याचे आभार तोंडी मानून भागणार नाही. शिवाय घरातल्या माणसांवर, मैत्रीवर, साध्यासुध्या प्रेमावर कादंबरी लिहायला बसलेल्या कुणालाही ही वही उपयोगी पडेल, म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

सुरुवातीलाच तुम्ही तक्ता आखलात. उभ्या रकान्यांत माणसं, आडव्या ओळींत सालं, प्रत्येक चौकटीत वय. एवढ्यावरच आमचे वाभाडे निघाले. कादंबरीतल्या सुमनची थोरली नणंद तिसऱ्या प्रकरणात तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आठव्यात चार वर्षांनी लहान. आजी नातवाच्या बारशाला 71 ची, त्याच्या दहावीच्या निकालाला 80 ची. 'पोरगं नऊ वर्षांचं असताना दहावी पास? पेढे मलाही पाठवा,' हा तुमचा शेरा. सुमनच्या 1997 सालच्या पदवीवर आम्ही सोलापूर विद्यापीठाचं नाव घातलं होतं. ते विद्यापीठ 2004 चं, तोवर इथल्या पोरांना पदवी मिळायची ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. जावयाला धोंड्याचं जेवण आणि 33 अनारसे 2019 मध्ये. अधिक महिना येऊन गेला 2018 ला, ज्येष्ठात. तो जावई वर्षभर उशिरा जेवला. आणि मृगाच्या सरी कोसळत असताना शेतावर हुरडा! मालदांडी ज्वारी रब्बीची, हुरडा थंडीतला. हे सोलापूरकरांनी चुकावं म्हणजे कमालच झाली.

सालं काय, दुरुस्त करता येतात. संबोधनं चुकली की माणूसच चुकतो. त्यासाठी तुम्ही दुसरा तक्ता केलात: कोण कोणाला तोंडावर काय म्हणतं आणि पाठीमागे काय म्हणतं. सुमनचं लग्न आतेभावाशी झालेलं. आम्ही पानोपानी तिच्या तोंडी 'सासूबाई' घातलं होतं. तुम्ही प्रत्येक ठिकाणी खोडून 'आत्या' केलंत आणि समासात लिहिलंत: 'जन्मल्यापासून जिला आत्या म्हटलं ती अक्षता पडल्या म्हणून सासूबाई होत नाही. ज्या दिवशी ही नवऱ्याला "तुमच्या आईला सांगा" म्हणेल, त्या दिवशी घरात काय झालंय ते वाचकाला कळेल. भांडणाचा परिच्छेद काढून टाका.' काढला. दीड पान वाचलं.

सुमनच्या शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातल्या लक्ष्मीच्या तोंडचा 'बावा' आम्ही मराठीत 'भावोजी' केला होता. बहिणीचा नवरा बावा हे खरं, पण मामाचा नाहीतर आत्याचा मोठा मुलगाही बावाच, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकतं असा. लहानपणापासून ज्याला ती बावा म्हणते, त्याला एका दुपारी ती नावाने हाक मारते, इथेच प्रेम सुरू झालं, असं तुम्ही दाखवलंत. तेलुगू शब्द आता तसाच ठेवला आहे. शेजारी अर्थ दिलेला नाही, दोन प्रसंगांत तो आपोआप उलगडतो.

लक्ष्मी आणि तिचा बावा चालू मागाशेजारी कुजबुजतात, या वाक्याभोवती तुम्ही तीन वेळा गोल केला आहे. बरोबर आहे. पॉवरलूमच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, नाहीतर हाताच्या खुणा. म्हणून आता तो प्रसंग लाईट गेल्यावर घडतो. शेडमधले सगळे माग एकदम थांबतात, आणि त्याने ओरडून सुरू केलेलं वाक्य अर्ध्यावर सगळ्यांना ऐकू जातं.

वाटणीचं प्रकरण तर तुम्ही जवळजवळ नव्याने उभं केलंत. आमच्याकडे 2011 सालच्या राखीपौर्णिमेला बहीण साध्या कागदावर सही करून वडिलोपार्जित घराचा हिस्सा सोडते आणि भाऊ म्हणतो, 'तसा तुझा हक्क नव्हताच.' तुमचा शेरा: 'हक्क नव्हता तर सही कशाला मागितली?' 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू घरातल्या मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. आणि घराचं हक्कसोडपत्र साध्या कागदावर होत नाही. मुद्रांक लागतो, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो, दोन साक्षीदार, फोटो, अंगठा. त्यानंतर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून नाव कमी करण्याचा अर्ज. हे सगळं कादंबरीत कोंबा असं तुम्ही म्हणाला नाहीत. एवढंच लिहिलंत, की भाऊ-बहीण एका रिक्षातून जातील, नंबर लागेपर्यंत एका बाकावर बसतील, तिथे थांबा. रिक्षाचे पैसे कोण देतं, चहा कोण आणतं, अंगठ्याची शाई पुसायला रुमाल कोण काढतं. नव्या प्रकरणात शाई ती स्वतःच्या पदराला पुसते. भावाचा रुमाल खिशातून अर्धा बाहेर आलेला असतो.

नोंदणी लग्नाचंही तसंच. विशेष विवाह कायद्याने सकाळी अर्ज आणि दुपारी हार, असं होत नाही. 30 दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते. लग्नाला साक्षीदार तीन. ते 30 दिवस हाच कथेचा ताण, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत आम्ही होम आधी आणि अक्षता नंतर घेतल्या होत्या. क्रम लावला: 68 लिंगांचा तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी अक्षता, मग होम.

एका शेऱ्यापुरते मात्र आम्ही अडून बसलो आहोत. सुमन आणि लक्ष्मीच्या बोलण्यातला सोलापुरी 'बे' तुम्ही सगळीकडे खोडलात, बायकांच्या तोंडी शोभत नाही म्हणून. घरात, वडीलधाऱ्यांसमोर नसेलच. पण गच्चीवर दोघीच असताना 'काय की बे' गेलं, तर त्या दोघी पुण्याच्या होतील. ठेवलं आहे. रागावू नका.

आणि शेवटच्या पानावरचा प्रश्न. 'लक्ष्मी दर वेळी सुमनचं रडगाणं ऐकायला मोकळीच कशी? हिच्या घरी कोण कोण आहे, विड्या कधी वळते?' अकरा प्रकरणांत सुमनजवळ ती फक्त ऐकत होती. हजार विड्यांवर मजुरी मिळवणाऱ्या बाईला हात थांबवून ऐकणं परवडत नाही, हे तुम्ही सांगितल्यावर सुचलं. आता ती सूप मांडीवर घेऊन, वर न बघता ऐकते. पाचव्या प्रकरणात सुमन विडीची पानं कापायला कात्री हातात घेते. तिची पहिली पंधरा-वीस पानं मापात बसत नाहीत, लक्ष्मी ती न बोलता बाजूला टाकते. हे प्रकरण कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवलं आहे, येत्या गुरुवारी घेऊन येतो. शिसपेनीला टोक करून ठेवा.

तुमची,
हस्तलिखितवाली मंडळी