आजीचा खुबा आणि तुझी हाडं

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाबरून विचारलंस, "आजीचा खुबा मोडला, तुझी हाडं ठिसूळ निघाली, मग माझंही ठरलेलंच ना? जनुकांची चाचणी करू का?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आजी न्हाणीत नुसती घसरली होती. आम्ही सगळ्यांनी ओल्या फरशीला दोष दिला. पुढे माझा डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत माझी घनता, उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, "आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का?" फरशीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. तेव्हापासून मी याबद्दल वाचते आहे.

खाण तशी माती, हे हाडांच्या घनतेला बरंचसं लागू आहे. माणसामाणसांतला घनतेचा निम्म्याहून अधिक फरक आनुवंशिक असतो. पण तो कुठल्या एका जनुकाचा नाही, शेकडो ठिकाणच्या बारीक बारीक फरकांचा आहे. २०१८ मध्ये लाखो लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात हाड मोडण्याशी थेट संबंध असलेल्या १५ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. म्हणून त्या चाचणीवर आत्ता पैसे घालवू नकोस. अशा अभ्यासांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे असतात, त्यावरून आपल्या घरचं भाकीत करायला मन धजत नाही.

एकाच जनुकाने सगळं ठरतं अशी घराणीही आहेत, पण फार थोडी. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या, लोकांत काहींमध्ये 'सॉस्ट' या जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. हाडांची वाढ रोखणारं स्क्लेरोस्टिन हे प्रथिन त्यांच्यात तयारच होत नाही. त्यांची हाडं सहसा मोडत नाहीत, पण कवटी इतकी जाड होते की नसा दाबल्या जाऊन ऐकू येणं जातं, चेहरा लुळा पडतो. त्या लोकांच्या सोसण्यातूनच स्क्लेरोस्टिनला अडवणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाची वाट सापडली. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. हे वाचताना मला भरून आलं.

हाड मोडायला नुसती घनता पुरत नाही, पडावंही लागतं. तोल, नजर, पायांतली ताकद, सिगरेट, स्टेरॉइडच्या गोळ्या, यांतलं बरंच आपल्या हातात असतं. आणि तू २४ वर्षांची आहेस. तिशीपर्यंत हाडं भरत जातात. माझं ते वय कधीच गेलं, तुझं अजून आहे. बॅडमिंटन पुन्हा सुरू कर. वजन कमी करण्यासाठी जेवण तोडतेस, पाळी चुकते, ते मला मुळीच पटत नाही. हाडांचं त्यात फार नुकसान होतं.

नाचणीचं पीठ आणि तीळ पाठवते आहे. कधी डॉक्टरांकडे गेलीस तर आजीचा खुबा आणि माझा टी-स्कोर दोन्ही न विचारता सांग. आजी तेव्हा ६८ वर्षांची होती, वहीत लिहून ठेव.

तुझी,
आई