लीनला अनुदान द्या, पण वीज-पाण्याचा हिशेब मागून : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उद्योगमंत्री,

सप्रेम नमस्कार.

लीन, म्हणजे कामातली नासाडी शोधून ती कमी करण्याची पद्धत, राबवणाऱ्या कारखान्यांना मदत देताना सरकार असे धरून चालते की नासाडी थांबली की प्रदूषणही आपोआप घटेल. हे अर्धेच खरे आहे. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी नासाडीचे ७ प्रकार सांगितले: जादा उत्पादन, खोळंबा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, नाहक हालचाल आणि सदोष माल. वीज, पाणी, सांडपाणी यांचा त्यात वेगळा रकाना नाही. रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून बाद होणारा माल, कमी झाले तर वीज वाचतेच, पण कधी कधी उलटेही घडते.

पेंट शॉपचेच बघा. साठा नको म्हणून लॉट लहान केले की रंग बदलण्याच्या वेळा वाढतात. दर वेळी गन आणि नळ्या थिनरने धुवाव्या लागतात. ते मळके थिनर घातक कचऱ्यात जाते, वाफ हवेत जाते. ऑडिटच्या कागदावर मात्र साठा घटलेला, म्हणून सगळे खूश! वास्तविक एका रंगाच्या ऑर्डरी सलग लावल्या, फिकटाकडून गडदाकडे गेले, तर बरेच थिनर वाचते. पण ते मोजतो कोण? जस्ट-इन-टाइमसाठी, म्हणजे माल लागेल तेव्हाच आणि तेवढाच मागवण्यासाठी, अर्धे रिकामे टेम्पो पळवण्याचेही तेच. तिथे एकाच गाडीने चार पुरवठादारांचा माल उचलणारी मिल्क रन बरी.

याउलट टीपीएमला, म्हणजे मशीन बिघडण्याआधीच सगळ्यांनी मिळून करायच्या देखभालीला, झुकते माप द्यावे. मशीन बंद असतानाही दाबलेल्या हवेच्या पाइपच्या जोडातून फुसफुस ऐकू येते; ती हवा दाबायला वीज लागते, म्हणून ती विजेचीच गळती असते. देखभाल ढिली असेल तर कॉम्प्रेसरच्या हवेपैकी २० ते ३० टक्के अशीच निघून जाऊ शकते. ही गळती बंद करायला नवे यंत्र लागत नाही.

म्हणून विनंती अशी : अनुदानासाठी व्हॅल्यू स्ट्रीम मॅप (कच्च्या मालापासून तयार मालापर्यंतचे टप्पे आणि त्यांना लागणारा वेळ दाखवणारा नकाशा) मागवत असाल, तर त्यात प्रत्येक टप्प्याच्या वेळेखाली वीज, पाणी, कच्चा माल आणि कचरा हे आकडेही सक्तीचे करा. कायझेनच्या, म्हणजे छोट्या छोट्या सततच्या सुधारणांच्या, टीममध्ये सांडपाणी प्रक्रिया सांभाळणारा माणूस हवा. त्याला सहसा कोणी बोलावत नाही. आकडे दर चांगल्या नगामागे आणि एकूण, असे दोन्ही घ्या, कारण नगामागे पाणी घटले तरी उत्पादन वाढल्यावर एकूण उपसा वाढू शकतो. दुसरा हप्ता हे आकडे तपासूनच सोडावा.

आपला,
एक उत्पादन अभियंता