जिमीला हाक

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय दिगंबर,

तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, आरोपपत्रच ते! कुणीतरी फिरवलेला तो व्हिडिओ, आधी फ्रेंच गाणं, मग ‘डिस्को डान्सर’मधलं आपलं ‘जिमी जिमी जिमी, आजा आजा आजा’, आणि खाली तुझं एकच वाक्य : घे, तुझ्या बप्पीचं पितळ उघडं पडलं. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात राम नाही. तू मध्येच तानपुरा जुळवायला घेतोस. म्हणून लिहायला बसलोय. चहा घे आणि सावकाश वाच.

पितळ उघडं पडायला ते झाकलेलं कधी होतं लेका? 1980 साली पॅरिसहून ओटावान नावाच्या जोडीचं ‘तॅ ओके’ आलं. ‘डी. आय. एस. सी. ओ.’ त्यांचंच. मुखडा काय, तर पोरगा पोरीला सांगतोय, तू ओके, तू झकास, तू एकदम फॅशनमधली. तीन तुकड्यांत मस्का. बप्पीदांनी त्या मुखड्याचा सांगाडा उचलला हे उघड आहे. कान असलेल्या कुणालाही कळतं, आणि तुझे कान तर मिरजेचे. ‘डिस्को डान्सर’मधलं उषा उथुप आणि बप्पीदांचं ‘कोई यहाँ नाचे नाचे’ घे, त्यातही ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ सरळ ऐकू येतं. मी वकीलपत्र घेत नाही. उचललंय ते उचललंय, आणि मूळ लोकांचं नाव पाटीवर यायला हवं होतं, हेही खरं.

माझं म्हणणं त्याच्यापुढचं आहे. ओटावानचं मूळ गाणं आज जुन्या डिस्कोच्या शौकिनांपलीकडे किती जण लावतात? आणि ‘जिमी’ ताश्कंदला, मॉस्कोला, बीजिंगला लोकांच्या तोंडी आहे. एकच चाल, मग एक का विरली आणि दुसरी का पसरली, हा प्रश्न तुला पडत नाही का? चोर म्हणून शिक्का मारला की विचार करायचं कामच उरत नाही.

सिनेमात ते गाणं कुठे येतं ते आठव. तू आमच्याबरोबर आला होतास आणि अर्धा वेळ नाक मुरडत होतास, तरी आठवत असेल. नायक जिमीसाठी म्हणून गिटारमध्ये विजेचा प्रवाह सोडलेला असतो. ती गिटार त्याची आई हातात घेते आणि त्याच्या डोळ्यांदेखत मरते. त्यानंतर जिमीला गिटार म्हटलं की घाम फुटतो. आता आंतरराष्ट्रीय डिस्को स्पर्धा, तो स्टेजवर थिजलेला, लोक हुर्यो उडवताहेत, आणि नायिका रीटा गाऊ लागते. (त्या स्पर्धेत भारतासमोर एक संघ पॅरिसचा असतो बरं का! चाल पॅरिसची आणि हरवायचंही पॅरिसलाच. याला म्हणतात छाती.)

म्हणजे फ्रेंच गाण्यात जिथे मस्का होता तिथे इथे हाक आली. समोरचा गारठलाय, त्याला जागं करायचंय. तिनदा नाव, तिनदा ये. तू म्हणशील हा काहीतरी ओढूनताणून बोलतोय, पण आपल्या गोंधळ्यांची सुरुवात आठव : तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये. संबळाच्या ठेक्यावर एकेक नाव आणि प्रत्येकाला तेच ‘ये’. तिथे कुणी अर्थ लावत बसत नाही, हाक पोचली पाहिजे एवढंच असतं. अंजान साहेबांनी मुखडा लिहिताना शहाणपणा केला तो हाच की त्यात कवित्व घातलं नाही. पुढे अंतऱ्यात काय ते शब्द आहेत, आणि ते कुणाला आठवतही नाहीत.

आता ठेक्याचं. हे तुला मी 1984 च्या गणपतीतही सांगत होतो आणि तू पेटीच्या मागे बसून हसत होतास. डिस्कोत पायाचा ड्रम चारही ठोक्यांना पडतो, सम-खाली काही नाही, सगळ्या मात्रा सारख्या. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत हाय-हॅट, म्हणजे पेडलवरची झांजांची जोडी, किंचित उघडायची आणि पुढच्या ठोक्याला मिटायची. ‘त्स’ असा श्वास सुटल्यासारखा आवाज येतो. बस्स, गंमत त्या ‘त्स’मध्ये आहे. पायाला विचार नाही, डाव्या पायाच्या पेडलला मात्र सगळं भान. चार मिनिटं सलग वाजवलं की उजव्या पोटरीत गोळा यायचा. तरी आपल्या ऑर्केस्ट्रातल्या सुमनताईंनी ‘जिमी’ म्हटलं की पहिल्या रांगेतले म्हातारेसुद्धा पाय हलवायचे, ज्यांना आम्ही एरवी ‘अमृताहुनी गोड’ने गप्प बसवायचो. केरव्यात ऐकणारा मान डोलावतो, इथे त्याचा पाय आपोआप हलतो. हा फरक ऑर्केस्ट्रावाल्यालाच कळतो, बैठकीत बसून नाही.

आणि बप्पी लाहिरी अडाणी होता असं जे तुझं मत आहे ते जरा तपासून बघ. जलपायगुडीचा पोरगा, आईबाप दोघं गाणारे, हात लहानपणापासून तबल्यावर. ‘चलते चलते’ 1976 चं, त्याचंच. ‘ऐतबार’मधली आशाबाई आणि भूपिंदरची गझल, ‘किसी नज़र को तेरा’, तीही त्याचीच. ती तू स्वतः गुणगुणताना मी ऐकलंय, मुकाट्याने कबूल कर. सोनं गळ्यात घालणं हा त्याचा शौक होता. आपण सोन्याकडे बघत राहिलो आणि गळ्याकडे बघायचं राहिलं.

उसनवारीचा हिशोब दोन्ही बाजूंनी असतो, हेही सांगून ठेवतो. 2002 मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ जोरात चाललं. त्यात लताबाईंचा आवाज सरळ घातलेला, ‘ज्योती’मधलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पीदांचं, आणि कुठे नाव नाही. प्रकरण तिथल्या कोर्टात गेलं आणि बप्पीदांचं नाव टाकल्याशिवाय विकायचं नाही असा हुकूम झाला. तू म्हणशील, चोराच्या घरी चोरी. म्हण. मला त्यात न्याय दिसतो आणि थोडी मजाही.

खरा अन्याय वेगळीकडेच झालाय आणि त्याबद्दल तुझ्या व्हिडिओत अवाक्षर नाही. ‘जिमी’ गायली कुणी, सांग बघू? दहा जणांना विचार, आठ जण उषा उथुप म्हणतील, एखादा आशाबाई म्हणेल. गायली पार्वती खानने. ही मूळची त्रिनिदादची, करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, गिरमिटियांच्या मुलखातली. सिनेमाचे लेखक राही मासूम रझा, पुढे ‘महाभारत’चे संवाद लिहिणारे, त्यांची ती सून. तिचा उच्चार ऐक. ‘आजा’ म्हणताना ती आवाज गोड करत नाही, सरळ फेकते. आपल्याकडच्या कसलेल्या गायिकेने तिथे एखादी मुरकी घेतली असती आणि हाकेची लाडीगोडी झाली असती. आणि गंमत बघ, ओटावानचा गायकही कॅरिबियनच, मार्तिनिकचा. पॅरिसमार्गे मुंबईला आलेली चाल पुन्हा त्याच समुद्राकाठच्या गळ्यातून निघाली. हे कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणून तर मला आवडतं.

डिस्को म्हणजे तरी कुणाच्या बापाची? न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये काळ्या, लॅटिन आणि समलिंगी पोरांनी ती वाढवली, 1977 च्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’ने ती घराघरात नेली, आणि 12 जुलै 1979 ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी पेटीत घालून स्फोटाने उडवल्या! लोक मैदानात घुसले, पुढचा सामना होऊच शकला नाही. तिकडे तेरावं घालून झालं, आणि इकडे वर्षभरात ‘कुर्बानी’त नाझिया हसन गायली आणि आपल्याकडे बारसं झालं. ‘डिस्को डान्सर’ 1982 च्या डिसेंबरात आला, म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने साडेतीन वर्षं शिळा. शिळ्या कढीला ऊत म्हणणारे तेव्हाही होते.

मग रशिया. 1984 मध्ये तो सिनेमा सोव्हिएत संघात लागला आणि सहा कोटींच्या आसपास तिकिटं खपली. राज कपूरच्या ‘आवारा’ची तिथली तिकिटं सहा कोटींच्या थोडी वर, त्याच्या खालोखाल ‘बॉबी’ आणि मग हा. ‘आवारा’ आणि हा, तीस वर्षांच्या अंतराने एक भोळा भटक्या आणि एक पांढऱ्या कपड्यांतला नाचणारा! कारण शोधायला फार लांब जायला नको. पाश्चात्त्य डिस्को तिथे सरकारच्या नजरेत खुपणारी, भारतीय सिनेमाला मात्र दार उघडं. त्यात गोष्ट कशी, तर फुटपाथवरचा गाणारा पोरगा, चोरीचा आळ घेणारा श्रीमंत, सोसणारी आई. सेन्सॉरलाही आक्षेपार्ह काही सापडू नये अशी. त्या गोष्टीच्या आडून डिस्को सीमा ओलांडून आली. संवाद रशियनमध्ये, गाणी मात्र हिंदीतच ठेवलेली. एक अक्षर न कळता पोरं ‘जिमी’ पाठ करून मोकळी.

माझी भाची किर्गिझस्तानात बिश्केकला डॉक्टरकी शिकते, तुला माहीत आहे. पहिल्या हिवाळ्यात टॅक्सीत बसली, चालकाने विचारलं इंडिया? ती हो म्हणाली. त्याने गाडीतला आवाज बंद केला आणि स्वतःच सुरू झाला, ‘जिमी जिमी’, स्टीअरिंगवर दोन बोटांनी ठेका धरून. हिला गाणंच माहीत नव्हतं! दोन हजारनंतरची पिढी. तिने मला रात्री फोन करून विचारलं, मामा, हे जिमी कोण? मी म्हटलं, बस, सांगतो. तिला झोप आली पण मी थांबलो नाही.

त्याहून भारी माणूस म्हणजे बायमुरात अल्लाबेरियेव. ताजिकिस्तानातून रशियात मजुरीला आलेला, कोलोम्ना गावात मालाची चढ-उतार करणारा. गोदामात कुणीतरी मोबाइलवर त्याने म्हटलेलं ‘जिमी’ टिपलं आणि 2008 च्या सुमारास ते जगभर फिरलं. व्हिडिओ मिळाला तर बघ, मी तुला म्हणून सांगतो. रीटाचा आवाज तोच, जिमीचाही तोच, मधलं वाद्यवृंदाचं संगीतही तोंडानेच. त्याला ‘ताजिक जिमी’ म्हणू लागले, मोठ्या स्टेजवर बोलावलं. परमुलखात हमाली करणाऱ्या माणसाने विश्रांतीच्या वेळात म्हणावं असं ते गाणं होतं. ते काही उगीच नाही.

लंडनच्या एम. आय. ए. या गायिकेने 2007 मध्ये ‘काला’ या अल्बमात ‘जिमी’ पुन्हा केलं. ती श्रीलंकेची तमिळ, लहानपणी घरगुती पार्ट्यांत याच गाण्यावर नाचलेली. तिचं मला बरं वाटतं, फार नाही. हाकेत जरा तोरा आलाय.

पण 2022 च्या हिवाळ्याच्या तोंडाला चीनमध्ये जे झालं त्याला तोड नाही. कोविडच्या टाळेबंदीत घरात कोंडलेली माणसं, खायची मारामार, तक्रार करायची सोय नाही. मग त्यांनी डोक्यावर पदर, कपाळावर टिकली लावली, हातात रिकामी पातेली घेतली आणि ‘जिमी जिमी’ लावून व्हिडिओ केले. चिनी कानाला ते ‘ज्ये मी’ ऐकू येतं, म्हणजे तांदूळ उसने द्या. सरकारी चाळणीतून ते बराच काळ सुटलं, कारण दिसायला नुसता वेंधळा भारतीय नाच! चाळीस वर्षांपूर्वी ज्या युक्तीने हे गाणं सोव्हिएत सीमेवरून आत गेलं, तीच युक्ती पुन्हा. बप्पीदा त्याच वर्षी 15 फेब्रुवारीला गेले. त्यांना हे बघायला मिळायला हवं होतं. एखादी जास्तीची साखळी घालून त्यांनी मुलाखत दिली असती.

एक धागा राहिला, तोही तुझ्याच व्हिडिओला उत्तर म्हणून. ओटावानची गाणी लिहिणाऱ्यांत एक दानिएल वानगार्द. त्याचा पोरगा टोमा बँगाल्टर, म्हणजे शिरस्त्राणं घालून वाजवणाऱ्या डाफ्ट पंकच्या दोघांतला एक. 2014 मध्ये त्यांनी ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम घेतला, आणि तो अल्बम सरळसरळ जुन्या डिस्कोला केलेला मुजरा. तेव्हा बापाच्या चालीचा एक फाटा ग्रॅमीला गेला, एक कोलोम्नाच्या गोदामात. कुठला थोर हे तू ठरव, मला दोन्ही चालतील.

बरं, कामाचं. नवरात्रात आपल्या गल्लीत जुन्या ऑर्केस्ट्राच्या लोकांना एक रात्र द्यायचं मंडळाने ठरवलंय, परवाच अध्यक्षांचा फोन येऊन गेला. अ‍ॅकॉर्डियनवाला सोलापूरहून यायला तयार आहे. ड्रमसेट भाड्याने मिळेल, पेडलची स्प्रिंग मात्र मी माझी आणणार. सुमनताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण आवाज शाबूत आहे, खुर्चीवर बसून गाते म्हणाल्या. ‘जिमी’ यादीत तिसरं टाकलंय. तू आधी तुझं भजन म्हण, हरकत नाही, पण नंतर उठून जायचं नाही. पेटीवर बसायचंस, आणि स्वर काढून ठेव. माझ्या आठवणीत सुमनताई काळी दोनमध्ये गायच्या, आता त्या कुठे घेतील ते त्यांच्या घरी जाऊन विचारून मला कळव. वहिनींना नमस्कार. त्या तरी ‘जिमी’ला नाक मुरडत नसत, हे मला पक्कं आठवतं.

तुझा,
शरद

ता. क. तो व्हिडिओ मला पाठवलास तसा सुमनताईंना पाठवू नकोस. त्या फ्रेंच गाणंही बसवायचं म्हणतील.