बाबा, माझा सकाळचा फोन आता आठनंतर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

चालता चालता बोलण्याने तोल जातो, हा विषय फोनवर काढला की बाबा ‘बघू, बघू’ करतात आणि आईला नेमका तेव्हाच कुकर लावायचा असतो. म्हणून कागद घेतला.

दिवाळीआधीच्या बुधवारी बाबा आणि मी बाजाराला गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदाघाटावर, गेलो होतो. गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे मी सहज विचारलं, "बाबा, एकोणसत्तरच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हो?" बाबा थांबले. मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, दुतोंड्या मारुतीच्या दिशेने बोट केलं आणि सांगायला लागले. सांगून झाल्यावर चालू लागले. मी पुढचं विचारलं, पुन्हा थांबले. रिक्षापर्यंत सहा वेळा. मला वाटलं, गोष्ट रंगवून सांगायची जुनी खोड. पण मी शाळेत होते तेव्हा याच घाटावर एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात माझं बोट धरून, बाबा अख्खा पूर न थांबता सांगायचे.

मग आईकडून कळलं की गणपतीत बाबा कॉलनीच्या कोपऱ्यावर पडले होते. कोपर खरचटलं एवढंच, म्हणून मला सांगितलं नाही. (यावर वेगळं भांडण करणार आहे.) मागून स्कूटरवरून कुणीतरी "काय साहेब!" म्हणालं, बाबांनी वळून हात वर केला आणि पाय गेला. बाबा दोष देतात पेव्हर ब्लॉकला. तो उचकटलेला आहे, खरंय. पण बाबा, त्याच ब्लॉकवरून तुम्ही रोज जाता. त्या दिवशी वेगळं काय होतं, तर ती हाक.

स्वीडनमधल्या उमेआ विद्यापीठाच्या लोकांनी हेच बघितलं होतं. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांशी चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलायला थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आई, लगेच बाबांकडे बघू नकोस. एकूण पडले होते २१ जण, म्हणजे ११ जण न थांबणारे होते. तुलाही सुटका नाही.

चालणं आपोआप होतं असं आपण धरून चालतो. पण पाय कुठे ठेवायचा, कशाकडे लक्ष द्यायचं, मध्येच कुत्रं आडवं आलं तर काय, हे मेंदूचा पुढचा भाग बघत असतो, आणि गप्पा, हिशेब, आठवणी यांचंही काम तिथेच पडतं. वयाबरोबर डोळे, तळपाय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांच्याकडून येणारी खबर अंधूक होते, त्यामुळे नुसत्या चालण्यालाच पूर्वीपेक्षा जास्त लक्ष लागतं. बाबा, तुमच्या बँकेच्या भाषेत, खात्यात शिल्लक बेताची आणि एकाच दिवशी दोन चेक वटायला आलेले. एक तरी परत जाणार. कुठला, एवढाच प्रश्न.

भाऊबीजेला हॉलमध्ये केलेला तो ‘खेळ’ त्यासाठीच होता. देवघरापासून दारापर्यंत आधी नुसतं चालायचं, मग शंभरातून सात-सात वजा करत. बाबांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर असं खणखणीत म्हटलं, एकही चूक नाही. पण पावलं आखूड झाली, एक लांब एक तोकडं पडायला लागलं, आणि शोकेसपाशी हात आपोआप काचेला गेला. आईने शहाऐंशीपर्यंत येऊन "गेलं खड्ड्यात तुझं सात" म्हटलं आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. आपण सगळे हसलो. पण पास झाली ती आईच, बाबा! हिशेब सोडला, तोल सोडला नाही. तुम्ही हिशेबाचा चेक वटवलात आणि पायांचा परत पाठवलात.

थांबल्यामुळे कुणी पडत नाही, थांबावं लागणं ही फक्त शिल्लक बेताची असल्याची खूण. म्हणून बाजारात तुम्ही थांबत होतात ते चांगलंच होतं. ते मुळीच सोडू नका. भीती मला स्कूटरवाल्याच्या हाकेची आहे, जिथे थांबायला वेळच मिळत नाही.

आणि एक हाक तर मीच मारते. रोज साडेसहाला ऑफिसची बस पकडताना मी फोन लावते, तेव्हा तुम्ही कृषीनगरच्या ट्रॅकवर असता. पायजम्याच्या खिशातून फोन काढायचा, चष्मा वर करून नाव बघायचं, हिरवं बटण सरकवायचं, आणि पाय चालूच. हे माझ्या डोक्यात यायला पुरते दोन महिने लागले. यापुढे माझा फोन आठनंतर, तुमचा चहा झाल्यावर. बाकी कुणाचा आला तर कडेला उभं राहून घ्या, नाहीतर वाजू द्या. तुम्ही रिटायर झालेले आहात, बँक बुडणार नाही.

आई, तू हातात तापलेलं पातेलं, तोंडाने शिट्ट्या मोजणं आणि दाराची बेल, तिन्ही एकदम करतेस. बेल वाजली तर वाजू दे. दूधवाला कुठे जात नाही.

बाबांनी जिने उतरताना वाचायची भिंगं असलेला तो दुहेरी चष्मा घालू नये. खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. लांबचा वेगळा करून घेऊ. आणि गणपतीतलं पडणं डॉक्टरांना सांगायचंच, बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत नेऊन. लपवलंत तर मी स्वतः येऊन सांगेन.

फक्त ‘जपून, जपून’ करत बसायलाही मी सांगत नाहीये. भीतीने प्रत्येक पावलाकडे बघत चाललं तर चाल आणखी ताठ होते. जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या १३४ लोकांवर एक प्रयोग झाला होता, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक तास पियानोच्या तालावर चालायचं, ताल बदलला की पाऊल बदलायचं. सहा महिन्यांत त्यांचं पडणं कमी झालं. वाचताना मला आईच्या भजनी मंडळातली पावली आठवली. टाळ, अभंग आणि पाय, तिन्हींचं भान एकदम. बाबा, तुम्ही देवळाच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसता, त्याऐवजी मागच्या ओळीत उभे राहाल का? ताल चुकला तर आई ओरडेल, पण ती तशीही ओरडतेच.

शनिवारी येतेय. गंगेवर जाऊ, पण पूर या वेळी पायरीवर बसून ऐकणार. सराफ बाजारात पाणी शिरलं तिथपर्यंत आलो होतो.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, शहाऐंशीनंतर किती, ते तुला येत होतं ना?